जूनचं मत की नोव्हेंबरचं? कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नर निवडणुकीबद्दल एका नव्या मतदाराला उत्तर

प्रश्न असा आला आहे: «ताई, आम्ही सनीवेलला राहतो. मी गेल्या वर्षी अमेरिकन नागरिक झालो. बायको ग्रीन कार्डवर, धाकटा भाऊ एच-वन-बीवर. आई नागरिक आहे, पण तिचं इंग्रजी जेमतेम. 2026 मध्ये गव्हर्नरची निवडणूक आहे. ऑफिसात सगळे म्हणतात, नोव्हेंबरला मत दे, जूनचं एवढं मनावर घेऊ नकोस, इथे तसाही डेमोक्रॅटच येतो. हे खरं आहे का? आणि गव्हर्नरच्या हातात नेमकं असतं तरी काय?»

ऑफिसातल्यांचं ऐकू नका. यंदा एकच मत द्यायला सवड असेल, तर ते जूनचं द्या. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर गव्हर्नरपदासाठी दोनच नावं असतील, तिसरं नाव हाताने लिहून देण्याचीही सोय नाही. ती दोन नावं कोणती, हे 2 जूनला ठरणार. आणि जूनमध्ये मत द्यायला फार थोडे लोक येतात. 2022 च्या जूनमध्ये नोंदणी झालेल्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश लोकांनी मतं दिली. थोडक्यात, निवड करतात ते हे एक तृतीयांश. बाकीचे पाच महिन्यांनी त्यांच्या निवडीतून निवड करतात.

मी साउथ बेमध्ये मतदान केंद्रावर काम करते आणि मतदार नोंदणीच्या टेबलावरही बसते. त्यामुळे कोणाला मत द्यावं हे मी सांगणार नाही. मत वाया कसं जातं, ते मात्र इतकं जवळून पाहिलं आहे की त्यावर तासभर बोलू शकेन.

आधी पद्धत समजून घ्या. 2010 साली मतदारांनी प्रपोझिशन 14 (थेट मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव) मंजूर केलं. तेव्हापासून गव्हर्नर, सिनेटर, काँग्रेस (अमेरिकेची संसद), राज्य विधिमंडळ या पदांसाठी जूनमध्ये सगळ्या पक्षांचे सगळे उमेदवार एकाच यादीत येतात. तुम्ही कुठल्या पक्षाचे म्हणून नोंदले आहात, कुठल्याच नाही म्हणून नोंदले आहात, काही फरक पडत नाही. सगळ्यांना तीच यादी. सर्वांत जास्त मतं मिळवणारे पहिले दोन नोव्हेंबरला जातात, मग ते एकाच पक्षाचे का असेनात. एखाद्याने जूनमध्ये साठ टक्के मतं घेतली तरी तो तिथे निवडून येत नाही, नोव्हेंबरला पुन्हा उभं राहावंच लागतं. (त्याच मतपत्रिकेवरच्या शिक्षण अधीक्षकाच्या पदाला हा नियम नाही. तिथे निम्म्याहून जास्त मतं पडली की जूनमध्येच निकाल. एका कागदावर दोन नियम, त्यामुळे लोकांचा गोंधळ होतो तो उगीच नाही.)

आता हिशेब बघा. समजा शंभर मतदार आहेत. साठजण डेमोक्रॅटिक विचारांचे, चाळीसजण रिपब्लिकन. डेमोक्रॅटिक बाजूने सहाजण उभे राहिले आणि त्यांनी मतं घेतली 17, 14, 11, 8, 6, 4. रिपब्लिकन बाजूने दोघेच, 21 आणि 19. नोव्हेंबरला कोण जाणार? दोन्ही रिपब्लिकन. साठ मतांचा पक्ष घरी. यात कोणी लबाडी केलेली नाही, मतं फुटली एवढंच. मतं खाणं हा प्रकार आपल्याला गल्लीतल्या नगरपालिका निवडणुकीपासून माहीत आहे. इथे तो कायद्याने बांधलेल्या पायऱ्यांवर चालतो, इतकाच फरक.

हे कागदावरचं गणित नाही, झालेलं आहे. 2012 साली सॅन बर्नार्डिनो भागातल्या 31 व्या काँग्रेस मतदारसंघात चार डेमोक्रॅट आणि दोन रिपब्लिकन उभे होते. मतदारसंघाचा कल डेमोक्रॅटिक बाजूला. तरी गॅरी मिलर आणि बॉब डटन हे दोघे रिपब्लिकन पुढे गेले. पीट अगिलार तिसरे आले, थोडक्यात हुकले. नोव्हेंबरला त्याच मतदारांनी ओबामांना पसंती दिली, पण काँग्रेससाठी त्यांच्यापुढे दोन रिपब्लिकनच होते. अगिलार 2014 मध्ये निवडून आले, मधली दोन वर्षं गेली ती गेलीच.

दुसरं उदाहरण तर आपल्या अंगणातलं. मार्च 2024, 16 वा काँग्रेस मतदारसंघ, म्हणजे पालो आल्टो, माउंटन व्ह्यू हा सगळा पट्टा. सॅन होजेचे माजी महापौर सॅम लिकार्डो पहिले आले. दुसऱ्या जागेवर जो सिमिटियन 30,249 मतं आणि एव्हन लो 30,249 मतं. अगदी बरोबरी. नियमाप्रमाणे तिघेही नोव्हेंबरला जाणार असं ठरलं. मग फेरमोजणीची मागणी झाली. कॅलिफोर्नियात ती आपोआप होत नाही, कोणीतरी मागावी लागते आणि खर्च उचलावा लागतो. फेरमोजणीत लो यांची मतं झाली 30,261 आणि सिमिटियन यांची 30,256. पाच मतांनी एक माणूस बाहेर. त्या पट्ट्यात आपली किती घरं आहेत ते तुम्हीच बघा. आणि त्यातल्या किती घरांत ते पाकीट कूपनांच्या ढिगाखाली महिनाभर पडून राहिलं असेल, याचा विचार मी न केलेलाच बरा.

गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत दोन्ही जागा एकाच पक्षाला, असं ही पद्धत आल्यापासून अजून घडलेलं नाही. 2014 मध्ये जेरी ब्राऊन यांच्यासमोर नील कश्करी आले. ते काश्मिरी वंशाचे, रिपब्लिकन. त्यांनी जूनमध्ये आपल्याच पक्षाच्या टिम डॉनेली यांना मागे टाकलं आणि नोव्हेंबरला हरले. 2018 मध्ये गॅव्हिन न्यूसम आणि जॉन कॉक्स, 2022 मध्ये न्यूसम आणि ब्रायन डाली. अमेरिकी सिनेटसाठी मात्र 2016 आणि 2018 दोन्ही वेळा नोव्हेंबरला दोन डेमोक्रॅटच समोरासमोर होते. रिपब्लिकन मतदाराला तेव्हा सिनेटच्या ओळीत आपलं म्हणावं असं काही नव्हतंच. तेव्हा हा फटका कुठल्या एका पक्षाच्या नशिबी लिहिलेला नाही.

यंदा परिस्थिती जास्त नाजूक का? 1990 च्या प्रपोझिशन 140 मुळे गव्हर्नरला दोनच कारकिर्दी मिळतात. 2018 आणि 2022 मध्ये निवडून आलेल्या न्यूसम यांच्या झाल्या. जागा मोकळी, त्यामुळे डेमोक्रॅटिक बाजूला गर्दी. 2025 संपेपर्यंत केटी पोर्टर, हावियर बसेरा, अँटोनियो व्हियारायगोसा, टॉम स्टायर आणि आणखी कितीतरीजण मैदानात होते. कमला हॅरिस यांनी मात्र उभं राहणार नसल्याचं जुलै 2025 मध्येच सांगून टाकलं होतं. रिपब्लिकन बाजूला ओळखीची नावं मुख्यतः दोन, स्टीव्ह हिल्टन आणि चॅड बियांको. काही चाचण्यांत हे दोघेही अगदी वरच्या जागांवर दिसले आणि डेमोक्रॅटिक गोटात चुळबुळ सुरू झाली. तुमच्या ऑफिसातलं ‘तसाही डेमोक्रॅटच येतो’ हे 2006 नंतरच्या राज्यव्यापी निकालांना धरून आहे, खरं आहे. पण त्या सगळ्या वर्षांत जूनला इतकी फाटाफूट नव्हती.

इथे एक गंमत सांगते, कारण मे महिन्यात टीव्हीसमोर बसाल तेव्हा उपयोगी पडेल. ज्या उमेदवाराची स्वतःची जागा पक्की असते, तो दुसऱ्या जागेवर कोण यावा याचीही व्यवस्था करतो. 2024 च्या सिनेट निवडणुकीत डेमोक्रॅट ॲडम शिफ यांच्या जाहिरातींत रिपब्लिकन स्टीव्ह गार्व्ही यांच्यावर भरपूर टीका होती. हे फार परंपरावादी, हे ट्रम्पचे मतदार. दिसायला टीका, पण ऐकणाऱ्या रिपब्लिकन मतदाराला ती शिफारसच वाटावी अशी. गार्व्ही वर आले, केटी पोर्टर बाहेर गेल्या आणि शिफ यांना नोव्हेंबर सोपा गेला. 2018 ला न्यूसम यांच्या जाहिरातींनी कॉक्स यांच्या बाबतीत असंच केलं होतं. त्याच वर्षी मे महिन्यात ट्रम्प यांनी कॉक्स यांना पाठिंबा जाहीर केला आणि रिपब्लिकन मतं त्यांच्याभोवती गोळा झाली. म्हणून जाहिरात कोणाविरुद्ध आहे याच्याआधी ती कोणत्या मतदाराने ऐकावी म्हणून केली आहे, ते बघत जा.

आता तुमच्या मताचं. तुम्हाला दोन गोष्टी एकदम सांभाळायच्या आहेत, आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध जातात.

काउंटी (इथला जिल्हा) 4 मेपर्यंत सगळ्या मतदारांना घरी मतपत्रिका पाठवायला लागते. 2021 च्या कायद्याने हे कायमचं झालं, मागायची गरज नाही. पाकीट आलं की त्याच दिवशी भरून टाकावंसं वाटतं. अशा निवडणुकीत ते करू नका. मार्चमध्ये अर्जाची मुदत संपली की उमेदवाराला मतपत्रिकेवरून नाव काढता येत नाही. त्याने मेमध्ये पत्रकार परिषद घेऊन माघार जाहीर केली तरी नाव छापलेलंच राहतं, त्याला मतं पडतच राहतात आणि ती कोणाच्याच कामी येत नाहीत. 2020 च्या अध्यक्षीय प्राथमिक फेरीत इथे 3 मार्चला मतदान होतं. पीट बुटिजेज यांनी 1 मार्चला माघार घेतली, एमी क्लोबुशार यांनी 2 मार्चला. तोपर्यंत हजारो लोकांची पाकिटं पोस्टात पडलेली. दिलेलं मत परत घेता येत नाही. पुढचे कित्येक दिवस फोनवर एकच प्रश्न, ‘ताई, दुसरं बॅलट मिळेल का?’ नाही मिळत.

मग शेवटपर्यंत थांबायचं? तेही नको. पोस्टाच्या शिक्क्यावर 2 जून किंवा त्याआधीची तारीख असेल आणि पाकीट सात दिवसांत पोचलं, तर मत धरलं जातं, हा नियम आहे. पण तुम्ही पाकीट पेटीत टाकलं त्याच दिवसाचा शिक्का बसेल याची आता खात्री धरू नका. पोस्टानेच सांगितलं आहे की शिक्क्याची तारीख ही टपाल छाननी केंद्रात यंत्रावर गेल्याची असू शकते. शेवटच्या दोन दिवसांत पोस्ट वापरायचंच नाही. काउंटीचा ड्रॉप बॉक्स, म्हणजे मतपत्रिका टाकायची पेटी, वापरा.

माझं स्वतःचं गणित असं की मेमोरियल डेच्या वीकेंडला, म्हणजे 23 ते 25 मेच्या दरम्यान, मतपत्रिका भरायची आणि मंगळवारी ड्रॉप बॉक्समध्ये टाकायची. तोपर्यंत कोण टिकलं, कोण थकलं हे दिसतं. शेवटच्या चाचण्या आलेल्या असतात. तुमचा पहिल्या पसंतीचा उमेदवार तीन टक्क्यांवर असेल, तर त्याच्यावरचं प्रेम निभवायचं की दुसऱ्या पसंतीला पुढे ढकलायचं, हा निर्णय डोळे उघडे ठेवून घेता येतो. दोन्हींत लाज नाही. मी तरी पहिल्या दोनांत येण्याची शक्यता असलेल्यांमधूनच निवडते. कारण जूनला निषेध नोंदवला तर त्याची किंमत नोव्हेंबरला आपणच मोजतो. शिवाय अजून आठवडा हातात राहतो, आणि तो लागतो तो सहीसाठी.

सहीबद्दल जरा थांबून सांगते, कारण आपल्या लोकांची मतं अडकतात ती इथे. पाकिटाच्या मागच्या बाजूला सही करायची असते. ती सही काउंटीकडच्या तुमच्या नोंदीतल्या सहीशी ताडून पाहतात. नोंदीतली सही येते कुठून? बहुतेकांची डीएमव्हीतून, म्हणजे वाहन परवान्याच्या खात्यातून. तिथे त्या काचेच्या पाटीवर प्लास्टिकच्या काडीने, मागे रांग उभी असताना, आपण कायतरी गिरवलेलं असतं. आणि पाकिटावर आपण बँकेत करतो तशी घोटीव सही करतो. कोणी मराठीत करतं. वडिलांच्या पिढीत तर सही म्हणजे मराठीतच, शेवटी खाली दोन टिंबांसकट. लिपी कोणतीही चालते. जुळायला हवी एवढंच. सुरुवातीचं गृहीतक मतदाराच्या बाजूचं असतं, आणि सही नाकारायची तर आणखी दोन वेगळ्या अधिकाऱ्यांचं एकमत लागतं. तरीही नाही जुळली तर काउंटीचं पत्र येतं, त्यातल्या कागदावर सही करून परत पाठवली की मत मोजलं जातं. हे पत्र लोक जाहिरात समजून फेकतात. ते फेकू नका.

आणि एक, नवराबायकोने एकाच टेबलावर बसून मतपत्रिका भरल्या की पाकिटं बदलतात. तुमच्या घरी तुम्ही आणि आई. दोन पाकिटांवर दोन नावं छापलेली असतात, ती बघून सही करा. राज्याची मत कुठवर पोचलं ते सांगणारी सोय आहे, ‘व्हेअर्स माय बॅलट’ नावाची. त्यात नाव घातलं की फोनवर संदेश येतो: पाकीट मिळालं, मोजलं. मी सगळ्यांना ते टेबलावरच, माझ्यासमोर, भरायला लावते.

टपालाचा विषय निघालाच आहे तर पेटीत येणाऱ्या रंगीत पत्रकांचंही सांगते. मेमध्ये तुम्हाला जाड कागदाची कार्डं येतील. वर झेंडा, गोल्डन गेट, ‘डेमोक्रॅटिक मतदारांसाठी मार्गदर्शक’ किंवा ‘करदात्यांचा सल्ला’ असलं काहीतरी नाव आणि खाली उमेदवारांची यादी, जणू कुठल्या पक्षाने नेमूनच दिली आहे. कार्ड उलटंपालटं करून नीट बघा. काही नावांपुढे बारीक फुली असेल, तारकेसारखी. कायद्याने ती छापावीच लागते. तिचा अर्थ, या उमेदवाराने यादीत येण्यासाठी पैसे दिले आहेत. आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की ही अधिकृत पक्षसंघटना नव्हे. हा इथला रीतसर धंदा आहे. आपल्या मंडळातले चांगले शिकलेसवरलेले लोक ही कार्डं हातात धरून मतपत्रिका भरताना मी पाहिले आहेत. खरी माहिती पुस्तिका राज्य सरकारची वेगळी येते, साध्या कागदाची, कंटाळवाण्या छपाईची. ती ठेवा.

मतपत्रिकेवर प्रत्येक नावाखाली फार तर तीन शब्दांत व्यवसाय लिहिलेला असतो. ‘उद्योजक’, ‘शेतकरी’, ‘शिक्षक’ असं. तो उमेदवार स्वतः सुचवतो, त्यावर भांडणं कोर्टापर्यंत जातात. त्या तीन शब्दांवर कोणाला निवडू नका. नावांचा क्रमही सोडतीतून आलेल्या अक्षरांनुसार लागतो आणि विधानसभेच्या 80 मतदारसंघांत तो फिरवत नेतात. तेव्हा तुमच्याकडे पहिला दिसणारा उमेदवार दुसऱ्या मतदारसंघातल्या मित्राकडे तळाला असू शकतो.

गव्हर्नरच्या हातात काय असतं, हा तुमचा दुसरा प्रश्न. भारतातल्या राज्यपालाशी तुलना मनातून काढून टाका. हे पद मुख्यमंत्र्याच्या जवळचं, पण लोकांनी थेट निवडलेलं. विधिमंडळ अविश्वास ठराव आणून याला काढू शकत नाही. मतदार सह्या गोळा करून परत बोलावू शकतात. 2003 मध्ये ग्रे डेव्हिस असे गेले आणि 135 उमेदवारांतून आर्नल्ड श्वार्झनेगर आले. 2021 मध्ये न्यूसम यांच्यावर तोच प्रयोग झाला, ते 62 टक्क्यांनी टिकले.

खरी ताकद पैशात आहे. दर वर्षी 10 जानेवारीपर्यंत गव्हर्नर अंदाजपत्रक मांडतो, 14 मेपर्यंत ते सुधारतो, 15 जूनपर्यंत विधिमंडळाने मंजूर करायचं. नंतर गव्हर्नर त्यातली एकेक रक्कम कमी करू शकतो, पूर्ण खोडूही शकतो. वाढवू मात्र शकत नाही. नकाराधिकार दोन तृतीयांश मतांनी फिरवता येतो असं पुस्तकात आहे. प्रत्यक्षात चार दशकांहून जास्त काळात एकदाही फिरवलेला नाही. म्हणजे गव्हर्नरने नकार दिला, की कायदा होत नाही.

आपल्या समाजाने हे दोनदा अनुभवलं. 2023 मध्ये जातीवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्धचं एसबी 403 हे विधेयक, सिनेटर आयेशा वहाब यांचं, दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. बाजूने आंबेडकरवादी संघटना, विरोधात काही हिंदू संघटना, दोन्हीकडे मराठी माणसं होती आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप गटांवर काय चाललं होतं ते सांगायला नको. ऑक्टोबरमध्ये न्यूसम यांनी ते परत पाठवलं आणि तिथेच संपलं. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनीच आश कालरा यांच्या एबी 268 या विधेयकावर सही केली आणि दिवाळी राज्याच्या सुट्ट्यांच्या यादीत आली. तुम्ही यातल्या कोणत्या निर्णयावर खूष होतात ते तुमचं तुम्ही. दोन्ही वेळा शेवटची लेखणी एकाच माणसाच्या हातात होती.

दुसरी ताकद नेमणुकांची, आणि तिच्याबद्दल उमेदवारांना कोणी विचारतच नाही. विजेच्या दरांवर देखरेख ठेवणाऱ्या सार्वजनिक सेवा आयोगाचे पाचही सदस्य गव्हर्नर नेमतो, सहा-सहा वर्षांसाठी. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या नियामक मंडळावरचे अठराजण गव्हर्नरने नेमलेले असतात, बारा-बारा वर्षांसाठी. बर्कली, यूसीएलए, डेव्हिसची फी आणि बाहेरच्या राज्यांतल्या मुलांचं प्रमाण तिथे ठरतं. तुमची मुलं आज पाळणाघरात असतील, तर 2027 मध्ये नेमलेला माणूस त्यांच्या प्रवेशाच्या जवळपास तिथेच बसलेला असेल. वरच्या कोर्टांतले न्यायाधीश तर आहेतच. एखादा उमेदवार कम्युनिटी सेंटरमध्ये भेटायला आला, तर ‘भारत-अमेरिका संबंधांवर आपलं मत काय’ हे विचारू नका. त्याला त्यात काही करता येत नाही. ‘वीज आयोगावर कशा प्रकारची माणसं नेमणार’ हे विचारा. बहुतेकदा पुढे बसलेला सहायक एकदम वही उघडतो.

जे हाताबाहेर आहे तेही ओळखा. एच-वन-बी, ग्रीन कार्डची रांग हे सगळं वॉशिंग्टनचं. घरपट्टीची मर्यादा 1978 च्या प्रपोझिशन 13 ने राज्यघटनेत बसवली आहे. घरविम्याचा आयुक्त वेगळा निवडून येतो. लेफ्टनंट गव्हर्नरही वेगळाच निवडून येतो, गव्हर्नरबरोबर जोडीने नाही. तेव्हा ती ओळ रिकामी सोडू नका. 1979 मध्ये जेरी ब्राऊन राज्याबाहेर असताना लेफ्टनंट गव्हर्नर माइक कर्ब यांनी, ते दुसऱ्या पक्षाचे, एका न्यायाधीशाची नेमणूक करून टाकली होती. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि गव्हर्नर राज्याबाहेर असताना असे अधिकार वापरता येतात, असं ठरलं.

आता घरच्यांचं. तुम्ही स्वतः: नोंदणी 18 मेपर्यंत ऑनलाइन होते. राहून गेली तर मतदानाच्या दिवशीही केंद्रावर होते, फक्त ते मत पडताळणीनंतर मोजतात. आमच्या काउंटीत 23 मेपासून कुठल्याही मतदान केंद्रावर जाता येतं. 2 जूनला रात्री आठला दरवाजा बंद होतो, पण आठ वाजता रांगेत असाल तर मत घ्यावंच लागतं. रांग सोडून जाऊ नका.

आईंना मदत करायला दोनजणांपर्यंत सोबत घेता येतं, मत देतानाही. त्यांचा मालक किंवा युनियनचा माणूस नको, मुलगा चालतो. राज्याची पुस्तिका हिंदीत मिळते, मराठीत नाही. हिंदी मागवून घ्या आणि एक संध्याकाळ त्यांच्याबरोबर बसा. वाचून दाखवा, खूण त्यांना करू द्या. ‘तू सांगशील तिथे’ म्हणतील. तरी दोन नावं त्यांच्यासमोर ठेवा आणि गप्प बसा.

बायकोला मत नाही, नोंदणीही नाही, आणि हे हलक्यात घेऊ नका. डीएमव्हीत लायसन्सच्या वेळी पडद्यावर नागरिकत्वाचा प्रश्न येतो. तिथे घाईत ‘हो’ दाबलं, तर पुढे नागरिकत्वाच्या मुलाखतीत ते समोर येतं आणि देश सोडायची वेळ येऊ शकते. 2018 मध्ये डीएमव्हीनेच सुमारे 1,500 जणांची चुकीने मतदार म्हणून नोंदणी झाल्याचं कबूल केलं होतं, त्यात नागरिक नसलेलेही होते. घरी तिच्या नावाची मतपत्रिका आली, तर भरायची नाही, काउंटीला कळवायचं आणि ते पत्र जपून ठेवायचं. पण ती मतदान केंद्रावर काम करू शकते. कॅलिफोर्नियात ग्रीन कार्डवाल्यांना ते करता येतं, मानधनही मिळतं. मी सुरुवात तशीच केली. ग्रीन कार्डवर तिला देणगीही देता येते. गव्हर्नरपदाच्या उमेदवाराला एका निवडणुकीसाठी 2025-26 ची मर्यादा 39,200 डॉलर आहे. तुमच्या डोळ्यांसमोर वीस-पंचवीस डॉलर असतील, तर चिंता नको.

भावाला देणगी पूर्ण बंद. एच-वन-बीवर असताना एक डॉलरही नाही, राज्याच्या निवडणुकीतही नाही, आणि तुमच्या नावाने त्याचे पैसे देणं हा वेगळा गुन्हा. फंडरेझरच्या जेवणाचं तिकीट म्हणजेही देणगीच. पैसे न घेता फोन लावणं, पत्रकं वाटणं हे तो करू शकतो. त्यानेच एखाद्या शनिवारी तुमच्या बिल्डिंगमध्ये फिरून कोणकोणाचं पाकीट अजून उघडलेलं नाही ते बघितलं, तरी पुष्कळ.

निकालाचं म्हणाल, तर 2 जूनच्या रात्री जागू नका. उशिरा आलेली पाकिटं, सह्यांची पडताळणी, आयत्या वेळी नोंदलेल्यांची मतं, हे सगळं आठवडेन् आठवडे चालतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या जागेत थोडं अंतर असेल, तर पहिल्या रात्रीचा दुसरा पंधरा दिवसांनी तिसरा झालेला असू शकतो. त्यात घोटाळा शोधणारे फॉरवर्ड तुमच्या गटावर येतील. त्यांना मोजणीच्या खोलीत येऊन बसायचं आमंत्रण माझ्या वतीने द्या. ती सगळ्यांना खुली असते, खुर्च्याही ठेवलेल्या असतात.